आपल्या ईलिंगची डस्टी

“मावशी, सकाळपासून तुमच्या खिडकीतून एकच बाई गातेय. अमेरिकेतली काळी गायिका आहे का कुणी?”

“फसलीस! भलेभले फसले. अगं, ही डस्टी स्प्रिंगफील्ड. लंडनच्या आपल्या ईलिंगमध्येच वाढलेली. खरं नाव मेरी ओब्रायन. आयरिश कॅथलिक घर, बाप टॅक्सची कामं करायचा, पोरगी नन्सच्या शाळेत. गल्लीत मुलांबरोबर फुटबॉल खेळायची, त्यावरून डस्टी नाव पडलं म्हणतात. बारा वर्षांची असताना इथल्याच रेकॉर्डच्या दुकानात जाऊन स्वतःचं गाणं भरून आली होती.”

“आणि आडनाव?”

“भावाबरोबर काढलेल्या ‘द स्प्रिंगफील्ड्स’ या तिघांच्या चमूचं. लोकगीतं गायचे. १९६३ला हिनं ते सोडलं, एकटी गायला लागली आणि पहिल्याच गाण्यानं धमाल उडवली. बीबीसीचं ‘टॉप ऑफ द पॉप्स’ १९६४च्या एक जानेवारीला सुरू झालं ना, त्यात सगळ्यात आधी हीच गायली. केसांचा हा एवढा मनोरा, डोळ्यांत कथकलीवाल्यासारखं काजळ!”

“पण मावशी, गोऱ्या बाईनं काळ्यांची गायकी उचलायची आणि नाव कमवायचं...”

“आहे, त्यात तथ्य आहे. मूळ गाणारे मागे राहायचे आणि गोरा चेहरा पुढे जायचा. पण ही बाई उपकार विसरणारी नव्हती. १९६५ला टीव्हीवर ‘रेडी स्टेडी गो’चा खास मोटाउन कार्यक्रम झाला, अमेरिकेतल्या काळ्या गायकांचा. सुप्रीम्स, टेम्प्टेशन्स, स्टीव्ही वंडर, मार्था रीव्ज, सगळी मंडळी ब्रिटनमधल्या घराघरांत आणून बसवली. सूत्रसंचालन हिचं. आणि त्याच्या आधीची गंमत ऐक. १९६४च्या डिसेंबरात दक्षिण आफ्रिकेला गेली, ती करारात अट घालून: प्रेक्षकांत काळा-गोरा भेद असेल तर गाणार नाही. केप टाउनजवळ सगळ्यांसमोर गायली आणि सरकारनं हाकलून दिलं. इकडे परतल्यावर आपल्याच धंद्यातल्या काहींनी नाकं मुरडली, आमचे तिकडचे कार्यक्रम बुडतील म्हणून!”

“भलतीच खमकी होती की.”

“तर! न्यूयॉर्कला बडी रिच नावाचा नामांकित ड्रमवाला हिला आपल्या बँडबरोबर तालीमच करू देईना. काहीतरी लागट बोललाही असेल. हिनं दिली एक ठेवून. त्याचा टोप उडाला म्हणतात. मी काही बघायला गेले नव्हते, पण उडालाच असेल.”

“अगंबाई!”

“आणि हीच बाई माइकसमोर थरथरायची, बोल! स्टुडिओतला आवाज पसंत पडेना म्हणून १९६६चं तिचं नंबर एकचं गाणं फिलिप्सच्या जिन्यात उभं राहून गायलं. तेही ४७ वेळा, असं सांगतात. पुढे अमेरिकेत मेम्फिसला गेली. निर्माता जेरी वेक्सलरनं गाण्यांचा ढीग पुढ्यात टाकला, हिला आधी एकही पसंत नाही. त्यात कुणीतरी सांगितलं, ‘इथेच विल्सन पिकेट उभा राहून गायचा.’ झालं, एवढ्या मोठ्या गायकाचं नाव ऐकून गळाच आवळला. शेवटी तिचं गाणं न्यूयॉर्कला नेऊन भरलं. १९६९ची ती ‘डस्टी इन मेम्फिस’ तबकडी. आता सगळे डोक्यावर घेतात, तेव्हा खप यथातथाच.”

“मग पुढे?”

“पुढे अमेरिका, दारू, गोळ्या. वाईट दिवस. १९७०ला एका मुलाखतीत मला मुलीही आवडू शकतात असं सांगून बसली होती. त्या काळात! बोलणाऱ्यांनी काय काय बोलून घेतलं असेल. मला विचारशील तर तिच्या लग्नाची पंचाईत कुणाला कशाला?”

“तुम्हालाही नाही?”

“मला फक्त माहिती असते. १९८७ला पेट शॉप बॉइज या पोरांनी तिला बोलावलं, तर गाणं ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे दुसऱ्या नंबरवर. मग ‘पल्प फिक्शन’ सिनेमात तिचं जुनं गाणं वाजलं आणि नवी पिढी विचारायला लागली, ही कोण?”

“आहे का अजून?”

“छे गं. स्तनाच्या कर्करोगानं गेली, मार्च १९९९ला. साठही पूर्ण नव्हती. सरकारी किताब दवाखान्यात नेऊन दिला. गेल्यावर तेरा दिवसांनी अमेरिकेतल्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये नाव लागलं.”

“आत्ता लागलंय ते सिनेमातलंच ना?”

“तेच, ‘सन ऑफ अ प्रीचर मॅन’. मुळात अमेरिकेतली काळी गायिका अरेथा फ्रँकलिन हिच्यासाठी केलेलं. अरेथानं तेव्हा घेतलं नाही, हिनं गायलं, दोन्ही देशांत पहिल्या दहात गेलं. मग अरेथानंही गायलं. आणि ही आमची बया ते ऐकून काय म्हणावी? असंच म्हणायला हवं होतं, माझं चुकलंच! पुढे कार्यक्रमात आपलंच गाजलेलं गाणं अरेथाच्या ढंगानं गायला लागली.”

“आणि तुम्हाला कुणाचं आवडतं?”

“हिचंच. पण हिनं ऐकलं असतं का माझं?”