साडीचोळीवर सही

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. साधा कागद, करणाऱ्याची सही, दोन साक्षीदार, झालं. तरी बीड जिल्ह्यात विषय काढून बघा, ‘आत्ताच कशाला अभद्र बोलता?’ म्हणून घरातलेच गप्प करतील. मग तेराव्यानंतर तलाठ्याकडे वारसनोंदीसाठी खेटे, आणि बहिणीला पुरणपोळीचं जेवण. जेवण झालं की साडीचोळी, साडीचोळी झाली की हक्कसोडपत्र. महाराष्ट्राने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला बरोबरीचा हिस्सा १९९४ मध्येच दिला, केंद्राला २००५ उजाडलं. भाऊराया अजून साडीचा रंगच निवडतोय.

वाटणी शिकावी ती आमच्या पुढाऱ्यांकडून. २०१९ च्या विधानसभेला बीडमध्ये पुतण्याने काकांना पाडलं, परळीत भावाने चुलत बहिणीला. २०२४ ला परळीकर भाऊबहीण पुन्हा एका मांडवात! वकील नाही, मोजणी नाही, तारखा नाहीत.

शेतकऱ्यांचंही असंच जुळावं म्हणून सरकारने २०२३ मध्ये सलोखा योजना काढली. एकमेकांच्या ताब्यातली जमीन रीतसर अदलाबदल करा. मुद्रांक शुल्क हजार, नोंदणी फी हजार. अडचण एवढीच, की दोघांची संमती लागते. आमच्याकडे बांध कोरण्यावर एकमत होत नाही, तिथे कागदावर कुठलं व्हायला?