मु. पो. कुठेच नाही

रा. रा. एकशे त्र्याऐंशी दिवस यांस,
मु. पो. परदेशस्थ फ्रीलान्सरांच्या मोबाइलमधले कॅलेंडर.

सा. न. वि. वि.

आपली कीर्ती हल्ली फार वाढली आहे. लिस्बनच्या कॅफेत, बँकॉकच्या को-वर्किंगमध्ये किंवा दुबईतल्या शेअरिंगच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसलेला कोणताही मुक्त व्यावसायिक घ्या. त्याला स्वतःचा रक्तगट आठवणार नाही, पण आपला मंत्र मुखोद्गत असतो: एका देशात १८३ दिवस भरू द्यायचे नाहीत, म्हणजे कोणत्याच देशाला कर द्यावा लागत नाही. अंगणात मुले तळ्यात-मळ्यात खेळतात, तशा त्याच्या वर्षभर सीमारेषेवर उड्या चालू असतात. अर्ज भरताना पत्त्याच्या रकान्याशी मात्र तो अडखळतो. मु. पो. काय लिहावे?

प्रस्तुत पत्रलेखकाची आपल्याविषयी तक्रार एवढीच, की आपल्याला नसलेले अधिकार लोक आपल्या पदरात घालतात आणि आपण गप्प बसून ते घेता.

आपला जन्म साधा. वर्षाचे दोन तुकडे केले, अर्धा दिवस पुढे ढकलला आणि आपण झालात. दोन देशांनी एकाच कमाईवर दोनदा कर लावू नये म्हणून ओईसीडी या संघटनेने १९६३ मध्ये करारांचा एक नमुना मसुदा काढला. त्याच्या पंधराव्या कलमात आपली वर्णी लागली, पण तिथे आपली नेमणूक होती नोकरदारांसाठी. कंपनीने थोड्या दिवसांसाठी परदेशी धाडलेल्या माणसाच्या पगारावर तिथे कर लागू नये, एवढ्यापुरती. आणि पगार देणारा त्या देशातला नसावा, ही अट वर होतीच. स्वतंत्र व्यावसायिकाचे कलम शेजारचे, चौदावे. त्या मसुद्यात तिथे दिवसांची मोजणीच नव्हती. माणसाची त्या देशात कामाची कायमची बैठक आहे का, एवढेच ते कलम विचारी. २००० मध्ये ओईसीडीने ते आपल्या नमुन्यातून काढून टाकले. भारताने अनेक करारांत ते ठेवले आहे आणि दिवसही घातले आहेत, पण भारत-जर्मनी करारातला आकडा आहे १२०. म्हणजे फ्रीलान्सर ज्यांच्या तसबिरीला रोज हार घालतात, ते दैवत मुळात शेजारच्या आळीतले.

भाऊबंदांचीही आठवण करून द्यायला हवी. स्वित्झर्लंडमध्ये कमावत असाल तर ३० दिवस पुरे होतात. सायप्रसने ठरावीक अटींवर ६० दिवसांचा मार्ग उघडला आहे. थायलंडचा आकडा १८०. शिवाय जानेवारी २०२४ पासून तिथल्या रहिवाशाने परदेशातली नवी कमाई देशात आणली, की ती करपात्र धरली जाते. अमेरिकेने तर आपल्यालाच वेठीला धरले आहे. यंदाचे सगळे दिवस, गेल्या वर्षीच्या दिवसांचा तिसरा हिस्सा आणि त्याच्या आदल्या वर्षीचा सहावा हिस्सा, अशी बेरीज तिथे करतात. सलग तीन वर्षे दर वर्षी १२२ दिवस राहून पाहा: १२२ अधिक ४०.६७ अधिक २०.३३. बेरीज बरोबर १८३. चार महिने राहणाऱ्याच्या दारात आपण सहा महिन्यांच्या रूपात उभे.

पण आपले खरे वस्त्रहरण व्हायचे असेल, तर जर्मनीत जावे.

समजा, पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकलेली एक भाषांतरकार स्वतंत्र व्यवसायाचा परवाना घेऊन बर्लिनला राहायला गेली. नव्या घरात पाऊल टाकल्यापासून दोन आठवड्यांत, घरमालकाच्या सहीचा कागद घेऊन, तिने पत्ता नोंदवायचा असतो. काही आठवड्यांत टपालाने अकरा आकडी कर ओळख क्रमांक येतो. हा क्रमांक तान्ह्या बाळालाही मिळतो आणि माणूस गेल्यानंतर वीस वर्षांपर्यंत दप्तरात राहू शकतो. पिंडाला कावळा शिवला तरी क्रमांकाला मुक्ती नाही.

कावळ्याचा विषय निघालाच आहे, तर पुढची पायरी त्याच्याच कुळातली. काम सुरू केल्यापासून महिन्याभरात एक लांबलचक प्रश्नावली ऑनलाइन भरावी लागते आणि ज्या सरकारी पोर्टलवर ती भरायची, त्याचे नाव एल्स्टर. ही 'इलेक्ट्रॉनिक करविवरणपत्र' या जर्मन शब्दांतली आद्याक्षरे. पण नुसता एल्स्टर म्हणजे मॅगपाय पक्षी, चकचकीत वस्तू पळवण्याबद्दल युरोपभर बदनाम झालेला. आपल्याकडे त्याच कुळातल्या एका पक्ष्याला लोकांनी आधीच टकाचोर म्हणून ठेवले आहे. जर्मन अर्थखात्याला हा विनोद अभिप्रेत होता की नाही कोण जाणे, मराठी करदात्याला मात्र तो फुकट मिळतो. या इलेक्ट्रॉनिक पक्ष्याच्या पिंजऱ्याची अर्धी किल्ली ईमेलने येते आणि उरलेली अर्धी कागदी पाकिटातून टपालाने.

प्रश्नावली विचारते: यंदा किती नफा होईल? पुढच्या वर्षी किती? जिला अजून पहिले गिऱ्हाईकही मिळालेले नाही, तिने हे सांगायचे. त्या अंदाजावर १० मार्च, १० जून, १० सप्टेंबर आणि १० डिसेंबर असे आगाऊ कराचे चार हप्ते ठरतात. उत्साहाच्या भरात आकडा फुगवला, तर हप्ता फुगतो. फारच आखडता हात घेतला, तर विवरणपत्रानंतर जुनी बाकी आणि वाढलेले नवे हप्ते एकाच पाकिटातून घरी येतात. जर्मनीतल्या फ्रीलान्सरांची दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातली हाय खाण्याची जागा ती हीच. बाकी सगळे त्यामानाने किरकोळ.

पुढचा प्रश्न मूल्यवर्धित कराचा. गेल्या वर्षीची उलाढाल २५,००० युरोंच्या आत असेल (२०२४ पर्यंत ही मर्यादा २२,००० होती), तर बिलावर १९ टक्के न लावण्याची सवलत घेता येते. शिवाय तिचे काम 'मुक्त पेशा' की 'धंदा', हेही ठरायचे असते. इथे मात्र आमच्या भाषांतरकार बाईंचे नशीब जोरावर आहे. जर्मन आयकर कायद्याने डॉक्टर, वकील आणि पत्रकार यांच्या पंक्तीत भाषांतरकारांना नावानिशी पाट मांडून दिला आहे, त्यामुळे धंद्याची वेगळी नोंदणी नाही आणि धंद्याचा वेगळा करही नाही. मराठीत भाषांतरकाराचे नाव मुखपृष्ठावर छापायलाही जिथे खळखळ होते, तिथल्या माणसाला हे वाचून गहिवरून यावे. अर्थात बाईंनी जोडीला शब्दकोश विकायला काढले, की तेवढ्यापुरती पंक्ती बदलते.

आणि शेवटी येतो बिलावर छापायचा कर क्रमांक. तो त्या अकरा आकडी क्रमांकाहून वेगळा, स्थानिक कर कार्यालयाने दिलेला. एक क्रमांक माणसाचा, दुसरा कामाचा.

एवढे रामायण चालू असताना आपण कुठे होतात, रावसाहेब? तिला तिथे येऊन धड दोन महिनेही झालेले नसतात. तिच्या नावावर घर आहे, किल्ली तिच्या खिशात आहे, एवढ्यावरच जर्मनीच्या दृष्टीने ती तिथली झाली. सहा महिन्यांचा नियम तिथेही आहे, पण घर नसलेल्यांना पकडण्यासाठी. विम्बल्डन गाजवणाऱ्या बोरिस बेकरलाही हे सुटले नाही. १९९१ ते १९९३ या काळात त्याने स्वतःला मोनाकोचा रहिवासी म्हणवले होते. राहणे मात्र म्युनिकमध्ये असल्याचे सिद्ध झाले आणि २००२ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने त्याला दोन वर्षांची निलंबित शिक्षा सुनावली.

दिवस मोजण्यात पीएचडी करावी तर रॉबर्ट गेन्स-कूपर यांनी. हे ब्रिटिश उद्योजक १९७६ मध्ये सेशल्स बेटांवर गेले. त्या वेळच्या ब्रिटिश करखात्याच्या पुस्तिकेत वर्षाला सरासरी ९१ दिवसांची मर्यादा होती आणि ती आपण काटेकोर पाळली, असे त्यांचे म्हणणे. खात्याने पाहिले ते इंग्लंडमधले घर, मुलाचे शिक्षण, अॅस्कटच्या शर्यतींना हजेरी. माणूस गेला, पण मुळे उपटलीच नाहीत, असा निष्कर्ष निघाला. ऑक्टोबर २०११ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानेही त्यांचे अपील फेटाळले. पुढे २०१३ मध्ये ब्रिटनने सगळे नियम कायद्यात बसवले. त्यात आपण आहात, पण ब्रिटनशी पुरेसे धागे जुळलेले राहिले, तर देश सोडून गेलेल्याला १६ दिवसही भोवतात. गायिका शकीराची कथा उलट्या दिशेची. २०१२ ते २०१४ या काळात आपला पत्ता बहामाचा होता, असे तिचे म्हणणे. स्पेनच्या तपासनिसांनी केस कापायच्या दुकानापर्यंत माग काढत दिवस मोजले. नोव्हेंबर २०२३ मध्ये बार्सिलोनात खटल्याच्या पहिल्याच दिवशी तडजोड झाली आणि दंड भरला गेला सत्तर लाख युरोंहून अधिक.

मोठ्या माणसांच्या गोष्टी सोडा. हरमलच्या किनाऱ्यावर गोव्याचा सीझन काढणाऱ्या गोऱ्या वेब डिझायनरला कोणीतरी एक हिशेब सांगायला हवा. भारतात आपला नव्हे, आपल्या धाकट्या भावाचा अंमल: १८२. आणि वर्ष एप्रिल ते मार्च. १ ऑक्टोबर ते ३१ मार्च हा गोव्यातला सुगीचा काळ, साध्या वर्षात मोजला तर बरोबर १८२ दिवसांचा! पूर्ण सीझन काढला, की भारतीय आयकराच्या लेखी तो रहिवासी. 'मी तर दर वर्षी शंभरच दिवस येतो,' म्हणणाराही सुटत नाही. मागच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भरले असतील, तर पाचव्या वर्षी ६० दिवस पुरतात. त्याच्या व्हिसावर काम करायची मुभा आहे का, हा आणखी निराळा प्रश्न, आणि तो शॅकवर कोणी काढत नाही.

दुबईकर मराठी सल्लागाराला वाटते, हे सगळे इतरांसाठी; इथे आयकरच नाही. व्यक्तीच्या पगारावर नाही, हे खरे. पण जून २०२३ पासून तिथे ९ टक्के कॉर्पोरेट कर आला आणि स्वतःच्या नावावर व्यवसाय करणाऱ्याची उलाढाल कॅलेंडर वर्षात १० लाख दिरहमच्या वर गेली, की त्यालाही नोंदणी सक्तीची आहे. उशीर झाला तर दंड १०,००० दिरहम. इकडे भारताने २०२० मध्ये कायद्यात एक फासा टाकून ठेवला. भारतीय नागरिकाचे परदेशातल्या कमाईखेरीजचे उत्पन्न १५ लाखांवर असेल आणि रहिवासी म्हणून कोणताच देश त्याच्यावर कर बसवत नसेल, तर तो वर्षभरात एक दिवसही इथे आला नाही तरी भारताचा रहिवासी मानला जातो. शून्य दिवसांत! आपल्या घराण्याचा एवढा अपमान दुसऱ्या कोणी केला नसेल. त्यातही एक मेख आहे. अशा माणसाच्या बाहेरच्या कमाईला भारत सहसा हात लावत नाही, पण तो पेशा मुळात भारतात थाटलेला असेल किंवा व्यवसायाचा कारभार भारतातून चालत असेल, तर लावतो. दादरच्या ऑफिसात सुरू केलेली आणि नंतर विमानाने दुबईला नेलेली सल्लागिरी नेमकी कुठे थाटली, याचे उत्तर सीएकडून आधीच लेखी घेतलेले बरे.

राहता राहिली एस्टोनियाची ई-रेसिडेन्सी. डिसेंबर २०१४ पासून मिळणाऱ्या त्या कार्डाने एस्टोनियात कंपनी काढता येते. माणूस करापुरता एस्टोनियाचा होत नाही, आणि आपल्या देशातून सुटतही नाही.

तरी विनंती, की यापुढे आपण फ्रीलान्सरांच्या कॅलेंडरात एकटे जाऊ नये. जाताना घराची किल्ली, बायको-मुले, गिऱ्हाइकाचा पत्ता आणि बिलाचा क्रमांक यांना सोबत न्यावे. कळावे, लोभ असावा.

आपला,
एक पत्रलेखक
(पत्ता नोंदवलेला)

ता. क. प्रत माहितीसाठी: श्री. १२२, वॉशिंग्टन, श्री. १८०, बँकॉक, चि. १६, लंडन, श्री. १८२, हरमल (फक्त मार्चअखेरपर्यंत). श्री. शून्य यांची प्रत 'पत्ता अपुरा' या शेऱ्यासह परत आली आहे.