वर बघा, काका

जानेवारी आणि जुलै हे आमच्या धंद्यात फॉर्म बीचे महिने. आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून घेऊन वर्षातून दोनदा सादर करायचं, असं राज्याचा 2006 चा आगप्रतिबंधक कायदा सांगतो. झब्ब्याला इस्त्री करा असं तो कुठंही सांगत नाही, ते मी आपणहून करतो. कुणी आपल्या स्वयंपाकघरात शिरतंय म्हणजे आमचा वडा बघायलाच, अशी माझी ठाम समजूत. (वडा वस्ताद तळतात, ‘आमचा’ म्हणायचं काम तेवढं माझ्याकडे. गल्ल्यावर बसणाऱ्याचा तो हक्कच आहे.)

यंत्रणासुद्धा मी आगीच्या भीतीनं बसवलेली नाही. समोरच्या उडुप्याकडे आली, म्हणून आमच्याकडे आली.

यंदा जुलैत आलेल्या तंत्रज्ञ मुलीनं वड्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शिडी मागितली आणि सरळ हुडात डोकं घातलं. मी खालून आमच्या लसणीच्या चटणीचा इतिहास सांगत होतो. वरून प्रश्न आला, “काका, फिल्टर शेवटचे कधी धुतले?” दारातून ‘सर’ म्हणत आलेली मुलगी शिडीवरून ‘काका’ म्हणाली, म्हणजे तिथून माझं टक्कल दिसलं असणार. उतरल्यावर गरम वडा पुढे केला तर म्हणाली, “तळलेलं सोडलंय. रोज डक्ट आतून बघते ना.”

पण मग तिनं साबणाचं सांगितलं आणि मी सगळा अपमान विसरलो. तेल 350 अंशांच्या आसपास तापलं की काडी न लावता आपोआप पेटतं. त्यावर पाणी मारलं तर पाण्याची क्षणात सतराशेपट वाफ होते आणि जळतं तेल छतापर्यंत उडतं. म्हणून आमच्या लाल सिलिंडरात पाणी नसून पोटॅशियमच्या क्षाराचं द्रावण असतं. हुडातली वितळणारी कडी तुटली की गॅस बंद होतो, वरून फवारा पडतो आणि पेटत्या तेलावर चक्क साबण होतो. दहावीच्या पुस्तकातलं साबणीकरण! त्या फेसाखाली आग गुदमरते. म्हणजे गेली कित्येक वर्षं मी एका साबणाच्या कारखान्याचा मालक आहे आणि मला पत्ता नाही. त्या दुपारी गल्ल्यावर बसून मी साबणाचं नावही ठरवलं, वेष्टनावर माझा फोटो कुठल्या बाजूनं घ्यायचा तेही ठरवलं. वस्तादांनी एवढंच विचारलं, “त्याला वास कसला येईल?” बटाटेवड्याचा येईल, हे कबूल करावं लागलं. तरी ‘उटणं’ म्हणून दिवाळीत खपला असता, असं मला अजून वाटतं.

असो. आधीची एजन्सी इतकं बोलायची नाही. तिचा माणूस यायचाच नाही. “साहेब, सिलिंडरचा फोटो व्हॉट्सअॅप करा, फॉर्म मिळेल.” मी सिलिंडरशेजारी उभा राहून फोटो पाठवायचो. त्यात दाब दाखवणारा काटा माझ्या पोटाआड गेलेला असायचा, तरी ‘सर्व यंत्रणा सुस्थितीत’ असा कागद संध्याकाळपर्यंत हजर.

या मुलीनं काटा पाहिला, नोझलच्या टोप्या काढून पाहिल्या, आणि कढईपाशी थांबली. नोझल होतं भिंतीकडे, कढई खिडकीखाली. “वस्ताद, कढई सरकली कशी?”

“तिथं वारा येतो, ताई.”

मला वाटलं आता ती नियम वाचणार. ती कढईसमोर जाऊन उभी राहिली. गळ्यावरून घाम वाहायला लागला तशी ओढणीनं पुसला आणि कागदावर लिहिलं : खिडकीशी एक नोझल जादा. “खर्च तुमचा, काका.” मग पोटमाळ्याकडे बोट. “रात्री वर कोण झोपतं?”

मी ‘भांडी असतात’ म्हणायच्या आत वस्ताद म्हणाले, “पोरं.”

18 डिसेंबर 2017 च्या पहाटे साकीनाक्याला खैरानी रोडवर फरसाणाच्या दुकानाला आग लागली. आत झोपलेले 12 कामगार गेले. अकरा दिवसांनी कमला मिलच्या गच्चीवरच्या पबला लागलेल्या आगीत 14 जण गेले. आमच्या धंदेवाल्यांच्या चहात आगीचा विषय निघाला की कमला मिल निघते. खैरानी रोडचं नाव मी तिथं ऐकलेलं नाही. शेव पाडणारी, घाणा तळणारी, आमच्याच जातीच्या कामाची माणसं ती. नोझलं कढईकडे बघतात, पोटमाळ्याकडे बघणारं नोझल कुठल्याच कोटेशनमध्ये नसतं. याचा मला राग येतो, आणि तो नक्की कुणावर काढायचा हे गल्ल्याच्या अलीकडे बसून ठरवणं अवघड आहे.

पोरं आता तळमजल्यावर माझ्या केबिनमध्ये झोपतात. तिचं दार थेट फुटपाथवर उघडतं. मंत्रिमहोदयांबरोबरचा माझा फोटो त्यांनी पहिल्याच रात्री उतरवून कपाटामागे ठेवला. शर्ट अडकवायला खिळा हवा होता म्हणे.