गच्चीची किल्ली कुणाकडे आहे?

पूर्वी सोसायटीच्या गच्चीची किल्ली वर्षातून दोनदा लागायची. मे महिन्यात पापड-कुरडया वाळत घालायला आणि कोजागिरीला दूध आटवायला. एरवी ती वॉचमनच्या खोलीत खिळ्यावर गंजत असायची. वर कबुतरं, डिशच्या छत्र्या आणि कुणाच्या तरी मोडक्या कपाटाची दारं, एवढाच काय तो संसार. आणि आता? सकाळी सहाला किल्लीसाठी रांग! खाली चहा गार होतोय, नातवाची स्कूलबस सुटतेय, आणि आजोबा कुठायत? वर. वाफ्याशी गुडघे टेकून वांग्याचं पान उलटं करून बघताहेत.

अहो, वाफा म्हणायचं नाही बरं का. वाफा गावाकडे. पुण्यात ‘रेज्ड बेड’. जमिनीपेक्षा फूटभर उंच चौकट करायची, तळाला पाणी निथळायला जागा ठेवायची, म्हणजे मुळं कुजत नाहीत आणि त्यांना हवा मिळते. आपल्या आजीच्या परसात न्हाणीघराच्या पाण्यावर अळू फोफावायचं, पडवळ वाकडं वाढू नये म्हणून त्याच्या टोकाला दगड बांधलेला असायचा, तेव्हा हे ज्ञान कुणाला होतं? तिला बिचारीला नुसती भाजी व्हायची.

चौकट कशाची? विटांची, फळ्यांची, हिरव्या प्लास्टिक कापडाची, मासळीवाल्याकडून आणलेल्या थर्माकोलच्या खोक्यांची. बी विंगमधल्या एका सद्गृहस्थांनी तर कमाल केली. बायको माहेरपणाला गेल्याचं निमित्त साधून घरातला पेटीपलंगच वर चढवला. गाद्या बाहेर, माती आत. ती परत आली तर हॉलमध्ये जमिनीवर गाद्या आणि नवरा सांगतोय, “अगं, बेडचाच बेड केलाय.” दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी ती वर गेली आणि म्हणाली, “एवढी जागा आहे तर मेथी का नाही पेरली?” झाली ना तीही बाद!

शेणाचं तर विचारूच नका. वाडवडिलांनी शेणामातीतून सुटका व्हावी म्हणून गाव सोडलं, दोन खोल्यांत संसार केला, पोरांना इंजिनियर केलं. आणि त्या इंजिनियरांनी काय करावं? मोबाइलवरून शेण मागवावं! तेही आधी दहा लोकांचे अभिप्राय वाचून. जी मंडळी रस्त्यात गाय दिसली की नाकाला रुमाल लावायची, ती आता गाडी बाजूला घेऊन गाईच्या मागे आशेनं उभी राहतात. डिकीत पिशवी तयार असते.

त्यावर कडी म्हणजे जीवामृत. पद्मश्री सुभाष पाळेकरांनी सांगितलेली कृती एकराच्या हिशेबाची : दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, मूठभर बांधावरची माती. आपल्या लोकांनी त्याला भागाकार करून ते बादलीत बसवलं. ज्या घरात पाहुण्यांना भजी करताना बेसन मोजून काढतात, त्या घरात झाडांना बेसन-गूळ! आणि ढवळायचं कसं, तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं. ए विंगमधल्या काकांनी एकदा घाईत उलटं ढवळलं आणि शेजारणीनं पाहिलं. काकांचा भोपळा त्या वर्षी धरला नाही. कारण काहीही असो, सोसायटीचा निकाल केव्हाच लागला होता.

याला कुणी विरोध करणारं नव्हतं का? होतं की! आमच्याकडे एक निवृत्त सिव्हिल इंजिनियर आहेत. त्यांनी सभेत उभं राहून आयएस 875 काढलं. लोकांना वाटलं एखादी विमानसेवा असावी. ते म्हणाले, “वावर असलेल्या गच्चीचा स्लॅब आपण चौरस मीटरला दीडशे किलोचा भार धरून आखतो. ओल्या मातीचा फूटभर थर तेवढ्याच जागेत पाचशे किलोच्या घरात जातो. उद्या तुमचे टोमॅटो सहाव्या मजल्यावरच्यांच्या ताटात थेट पडतील.” सभा चिडीचूप. सहाव्या मजल्यावरच्या वहिनींनी तर डोळे मिटून घेतले.

तुम्हाला वाटलं, वेड संपलं? छे. दोन दिवसांनी हेच साहेब उसाच्या रसवाल्याकडे चिपाडं मागताना दिसले. कारण मातीवाचूनही शेती होते, हे त्यांनी तेवढ्यात वाचून काढलं होतं. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी हे किती आधी सांगून ठेवलंय! हा मूळचा गणिताचा माणूस, ‘प्रयोग परिवार’ उभा करून पालापाचोळ्याची माती करायला शिकवत होता. मुंबईत डॉ. दोशींनी चिपाडं भरून गच्ची पिकवली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कॅन्टीनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्याच ओल्या कचऱ्यावर झाडं वाढवली. म्हणजे बघा, या वेडाला चांगली खानदानी परंपरा आहे. आमच्या साहेबांनी आता चिपाडं, नारळाच्या शेंड्या, वाळका पाला असे थर रचलेत, वर मातीचा नुसता हात फिरवलाय. प्रत्येक थराआधी वजनकाटा! त्यांच्या वाफ्यातली भेंडी अजून दिसायची आहे, पण वजनाचा तक्ता लिफ्टमध्ये लागलाय.

खरी गंमत मात्र संध्याकाळी. दुधीचं पांढरं फूल दिवस कलल्यावर उमलतं आणि रात्रीच्या पतंगांची वाट बघतं. सातव्या मजल्यावर पतंग येणार कुठून? मग आमच्या सोसायटीतल्या, आयुष्यात एकही लग्न न जुळवलेल्या माणसांनी हाती रंगाचा ब्रश घेतला. नर फूल ओळखायचं, मादी फूल ओळखायचं (तिच्या मागे बोटभर दुधी असतो), पराग उचलायचे आणि गाठ घालून द्यायची. “माझ्याकडे आज चार मुलगे आहेत, मुलगी एकही नाही हो!” असं एक आजोबा कठड्यावरून ओरडले आणि समोरच्या इमारतीतल्या नवीन भाडेकरूंनी खिडकी लावून घेतली. “पाठवा इकडे, आमच्याकडे एक आहे,” असं उत्तरही आलं. गोत्र तेवढं कुणी विचारलं नाही.

मुलीच कमी, म्हणून ‘थ्रीजी कटिंग’. वेलाचा मुख्य शेंडा खुडायचा, फुटवा आला की त्याचाही खुडायचा, मग तिसऱ्या पिढीच्या फांदीला मादी फुलं जास्त येतात. ज्यांना फोनमधला थ्रीजी आणि फोरजी यांतला फरक अखेरपर्यंत कळला नाही, ती माणसं आता वेलाच्या तीन पिढ्यांची वंशावळ तोंडपाठ म्हणून दाखवतात.

आणि सोवळ्याओवळ्याचं काय झालं म्हणता? एका घरी अंड्याचं नाव काढायची सोय नव्हती. त्या घरच्या टोमॅटोचं बूड काळं पडायला लागलं. कुणीतरी सांगितलं, कॅल्शियम कमी पडतंय, अंड्याची टरफलं घाला. दुसऱ्या दिवशी त्या घरच्या आजी पदर सावरत कोपऱ्यावरच्या भुर्जीच्या गाडीपाशी उभ्या! “खायला नकोय रे बाबा, नुसती टरफलं दे.” टरफलं मातीत विरायला महिने लागतात, आणि तो काळा डाग बहुतेक वेळा पाणी कधी धो-धो, कधी ठणठणीत घातल्यामुळे पडतो, हे आजींना सांगायची कुणाची छाती आहे?

हिशेब? हिशेब विचारणारा माणूस अरसिक. 2023 च्या जुलैत टोमॅटो शंभरी ओलांडून दीडशेच्या वर गेला, तेव्हा बरेच जण याच हिशेबानं या पंथात शिरले. कोकोपीट, गांडूळखत, निंबोळी पेंड, जाळी, पिठ्या ढेकणासाठी फवारा, तो फवारा चोंदला म्हणून दुसरा फवारा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. पीक? अकरा टोमॅटो. त्यांतला एक खारीनं खाल्ला, एक फोटो काढताना पडला. उरलेले नऊ पितळी परातीत मांडून नातेवाइकांना बघायला बोलावलं.

त्यात एकांचे मामेभाऊ नारायणगावहून आलेले. त्यांचा टोमॅटो टेम्पो भरून बाजारात जातो. परात पुढे आल्यावर ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “दाजी, याचं बी ठेवलं असंल ना?” सगळे हसले. पण खरा तमाशा पुढेच. हे पाहुणे हात धुवायचं निमित्त करून वर गेले, ते तासभर खाली येईनात. मिरचीला चुरडामुरडा झालाय, वाफ्याचं तोंड चुकलंय, वांगी दाटीनं लावलीत, अशी त्यांची बडबड जिन्यात ऐकू येत होती. जाताना त्यांनी पिशवीतून काय नेलं असेल? पिवळ्या चेरी टोमॅटोची दोन रोपं. ओल्या रुमालात गुंडाळून!

आपण अर्थात यातले नाही. आपण पोळीभाजी खाऊन, वर्तमानपत्र वाचून, बाल्कनीतून हसणारी शहाणीसुरती माणसं. कुणी कोथिंबिरीच्या सात काड्या दोऱ्यानं बांधून ‘घरची आहे’ म्हणून दारात उभं राहिलं की आपण डोळे मोठे करतो, वास घेतो, “बाजारात असा वास कुठं मिळतो!” म्हणतो आणि दार लावून पोट धरून हसतो. म्हणूनच मागच्या सभेत आपण मोठ्या तोऱ्यात ठराव मांडला : किल्ली कोण कितीदा नेतं, ते एकदा सर्वांसमोर येऊ द्या. वॉचमनची वही आणा!

वही आली. सेक्रेटरींनी चष्मा लावला. पेटीपलंगवाले, जुलै महिन्यात एकोणीस वेळा. इंजिनियर साहेब, तेवीस वेळा. टरफलवाल्या आजी, पंचवीस. सभेत खसखस पिकली. मग सेक्रेटरींनी पान उलटलं, चष्मा पुसला आणि आपल्याकडे बघितलं. एकतीस. रोज संध्याकाळी पावणेसात, सही खणखणीत.

आता यात हसण्यासारखं काय आहे? आपण पापड वाळलेत का, ते बघायला जात होतो. पाऊस असला म्हणून काय झालं? आणि खिशात ब्रश होता, तर तो पापडांवरची धूळ झटकायला.