पाणी किती मावतंय?

आमच्या घरची मंडळी दुकानात शिरली की दुकानदार पहिला नमस्कार मला करतो, आणि तिथंच चुकतो. पैसे माझे असतात, पण माझं कुणी ऐकत नाही, हे त्याला पाचव्या मिनिटाला कळतं. तोवर आईनं वस्तूभोवती एक प्रदक्षिणा घातलेली असते. झाकण असेल तर उघडून ती आत डोकावते आणि विचारते, "ह्यात पाणी किती मावतंय?" अण्णा दुकानदाराच्याच खुर्चीत बसून विचारतात, "उद्या मोडायला काढलं तर काय येतील?" बायको रंग बघते. मी हप्ता बघतो. या चार चाळण्यांतून जे खाली पडतं ते टेम्पोत चढतं. गेल्या वर्षभरात अशा पाच-सहा वस्तू घरात आल्या, आणि ज्या कामासाठी घेतल्या त्या कामाला त्यातली एकही नाही.

आईचा प्रश्न वस्तू बघून बदलत नाही. मोबाईल घ्यायला गेलो तेव्हाही तिनं तो विचारला. दुकानातला पोरगा हुशार. म्हणाला, "आजी, पाण्यात पडला तरी ह्याला काही होत नाही." आई त्याच्याकडं बघतच राहिली. "पाण्यात कशाला पाडायचा? पाणी काय उतू चाललंय व्हय?"

आता यात आईचं चुकतं असं धाराशिवात राहून कुणी म्हणणार नाही. आमच्या नळाला येतं ते उजनीचं पाणी. धरण भीमेवर, सोलापूर जिल्ह्यात, आणि आम्ही बसलोय बालाघाटाच्या माथ्यावर. शंभरावर किलोमीटर पाइपातून पंपांनी ढकलत, चढ चढवत आणलेलं पाणी ते. एवढ्या लांबून येणारा पाहुणा रोज कसा येईल? आठवड्यानं आला तरी आम्ही दारात उभे असतो. आमच्या गल्लीत सोमवार-मंगळवार हे वार फक्त शाळेतल्या पोरांना लागतात. मोठ्या माणसांचे वार दोनच, पाणी आलेला आणि न आलेला. त्यातून आई बाहत्तरच्या दुष्काळात बारा वर्षांची होती. खडी फोडणाऱ्या आईबापांमागं फिरताना मिळालेली सुकडी आणि मिलोच्या लाल भाकरीची चव तिला अजून सांगता येते. 2016 साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा देशभर त्याची बातमी झाली. पुढं पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली, ती टीव्हीवर दाखवत होते. आम्ही सगळे हळहळत होतो. आई डोळे बारीक करून शेवटच्या वाघिणीपर्यंत बघत राहिली आणि म्हणाली, "डबे झ्याक हायती. कुठं मिळत आसतील?"

तर, गेल्या दसऱ्याला धुण्याचं मशीन घेतलं.

आमच्याकडं शहाणी माणसं सेमी ऑटोमॅटिक घेतात. वरून बादलीनं पाणी ओतलं की त्याचं भागतं. पण बायकोच्या पुण्याच्या बहिणीकडं फुल ऑटोमॅटिक होतं, आणि 'सेमी' या शब्दातच आपल्या संसाराविषयी काहीतरी सुचवलंय असं तिला वाटायला लागलं होतं. दुकानात आईनं आपला प्रश्न टाकला. विक्रेत्याला वाटलं, यंत्राची ताकद विचारतायत. छाती फुगवून म्हणाला, "आजी, एका धुण्याला शंभरेक लिटर तर आरामात घेतं!"

"घेतं?" आई म्हणाली. "म्या मावतं किती म्हणलं. घेणारी घरात हायती की चार."

तरीही ते घरी आलं, कारण रंग बायकोला पटला होता. बसवणाऱ्या मुलानं नळी जोडली, बटण दाबलं. नळातून आधी फुस्स करून हवा आली, मग तीही यायची थांबली. यंत्र मिनिटभर वाट बघून टूं टूं करायला लागलं. त्याच्या कपाळावर काहीतरी इंग्रजी अक्षरं उमटली. पाणी नाही एवढंच त्याला म्हणायचं होतं, आणि ते सांगायला या गावात इंग्रजी लागत नाही. मांडवात रुसलेल्या जावयासारखं ते दोन दिवस तसंच बसून होतं. तिसऱ्या दिवशी अण्णा शेजारी प्लास्टिकचं स्टूल टाकून बसले आणि तांब्यानं त्याच्यात पाणी घालू लागले.

तेव्हापासूनची पद्धत ठरून गेली आहे. अण्णा पाणी घालतात. बायको बटणं दाबते. मशीन पाणी सोडायला लागलं की नळीच्या तोंडाशी मुलगा बादली घेऊन उभा राहतो. पहिलं पाणी संडासाला, दुसरं फरशीला, तिसरं कढीपत्त्याला. बादली भरली की तो "थांब!" ओरडतो आणि बायको मशीन थांबवते. भरलेल्या बादल्या मी उचलतो. आई देखरेख करते. म्हणजे एका स्वयंचलित यंत्रानं आमच्या घरातल्या पाच माणसांना काम दिलं. राज्यातली रोजगार हमी दुष्काळातूनच उभी राहिली, तेव्हा या परंपरेत आमचं मशीन बसतं, असं मी एकदा गमतीनं म्हणालो. अण्णांनी विचारलं, "मग हजेरीपट कुठाय?"

नवी गाडी घेतली की आमच्या भागातला माणूस ती आधी तुळजापूरला नेतो. मशीन काही मोटारसायकलवर बसेना. आईनं मग त्याचं बिल नेलं. भवानीच्या दारी बिलाची पूजा झाली, वर हळदीकुंकवाचं बोट उमटलं, ते नेमकं बिलाच्या नंबरावर. वॉरंटीसाठी फोन लावला तेव्हा मला तो नंबर वाचता येईना. पुन्हा, बिलावर गाव 'धाराशिव' आणि कंपनीच्या संगणकात 'उस्मानाबाद'. 2023 मध्ये नाव बदललं ते आमच्या पाट्यांवर आलं, त्या संगणकापर्यंत चाललेलं दिसत नव्हतं. पलीकडची मुलगी हिंदीत विचारत होती की मशीन या दोन गावांपैकी नक्की कुठल्या गावी आहे. अण्णांनी फोन माझ्या हातातून घेतला. "बाई, गाव एकच हाय. नाव बदललं, पाणी हाय तेवढंच हाय." यावर तिनं विचारलं, "पानी का कनेक्शन चालू है?" अण्णा म्हणाले, "बुधवारी फोन करा."

तेरचा माठ ही त्यातल्या त्यात शांत खरेदी. उन्हाळा लागला होता, फ्रिजमधलं पाणी आई पीत नाही, म्हणून म्हटलं तेरला जाऊ. गोरोबाकाकांचं दर्शन होईल, वस्तुसंग्रहालय पोराला दाखवता येईल. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तूंवर उभं राहिलेलं ते संग्रहालय. पोराला मी सांगत होतो, हे तेर म्हणजे जुनं तगर. दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक खलाशानं लिहून ठेवलंय की पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवर हे मोठं शहर आहे आणि इथलं कापड बैलगाड्यांनी भडोच बंदराला जातं. पोरानं विचारलं, "मग आपलं पार्सल पुण्याहून यायला नऊ दिवस का लागतात?" यावर ग्रीक खलाशानं काही लिहिलेलं नाही. आई तोवर सातवाहनकालीन मडक्यांच्या कपाटापुढं थांबली होती. काचेवर बोट ठेवून तिनं रखवालदाराला काय विचारलं हे सांगायला नको. त्यानं 'हात लावू नका' एवढंच उत्तर दिलं.

येताना एका कुंभाराकडं थांबलो. आईनं बोटाच्या पेरानं माठ वाजवायला सुरुवात केली. टक, टक. एक बाजूला. टक, टक. दुसरा बाजूला. याच तेरात गोरोबांनी थापटणं घेऊन संतांची डोकी तपासली आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं, ही कथा आमच्याकडं पोरांना पाळण्यातच कळते. त्या दिवशी आईपुढं ते सगळे संत असते तर दोघेतिघे तरी आणखी नापास झाले असते. आठ माठ गेले. नवव्याला तिनं मान डोलावली. कुंभारानं सांगितलेले पैसे मी पाकिटातून काढून सरळ देऊन टाकले, घासाघीस केलीच नाही. आईनं तेच पेर माझ्या डोक्यावर आपटलं. "हे मातूर कच्चंच राह्यलं."

टाकीची गोष्ट मात्र एवढी हलकी नाही. हजार लिटरची काळी टाकी आणली, गच्चीवर चढवायला माणसंही बोलावली. सासूबाई तेव्हा आमच्याकडं मुक्कामाला होत्या. त्या लोहारा तालुक्यातल्या. त्यांनी टाकीकडं बघितलं, ज्या खोलीत त्या झोपत होत्या तिच्या छताकडं बघितलं आणि काही न बोलता आपली वळकटी उचलून अंगणात नेऊन ठेवली. अण्णा जुने शिक्षक, त्यांनी नेमका हिशेब मांडला, "हजार लिटर म्हणजे हजार किलो, म्हणजे दहा क्विंटल फक्त." त्या 'फक्त'नं काम बिघडलं. 30 सप्टेंबर 1993 ला सासूबाईंच्या गावात रात्री गणपती बोळवून माणसं झोपली, आणि पहाटे चारच्या आत भूकंपानं दगडमातीच्या भिंती अंगावर आल्या. त्यानंतर कित्येक वर्षं त्या पत्र्याखालीच झोपल्या. त्यांच्याशी स्लॅबची मजबुती, लोखंड किती वापरलंय, याबद्दल कोण बोलणार? आईनंच निकाल दिला. "टाकी खाली ऱ्हाऊ द्या. पाणी वर आसलं काय, खाली आसलं काय, पाणीच की." त्यामुळे टाकी अंगणात आहे. गच्चीवर चढवलेलं पाणी आपोआप खाली येतं. आमचं खालचं पाणी तांब्यानं वर काढावं लागतं. टाकीबरोबर घेतलेली मोटर खोक्यातच आहे. ते खोकं सासूबाई आल्या की चहाचा कप ठेवायला उपयोगी पडतं.

पुस्तकांच्या कपाटाविषयी मी फार बोलणार नाही, कारण त्याला रंग मी पसंत केला होता. जानेवारी 2020 मध्ये आमच्या गावात 93 वं साहित्य संमेलन भरलं, तेव्हा घेतलेली पुस्तकं इतकी वर्षं खोक्यात होती. यंदा त्यांना काचेचं कपाट केलं. आईला दिसलं की एका फळीची उंची पाण्याच्या बाटलीएवढी आहे. आता खालचे दोन खण बाटल्यांचे. कथा-कादंबऱ्या वर गेल्या, कविता परत खोक्यात.

मग एप्रिल आला, आणि मी कूलरचा विषय काढला.

"माणसाला न्हाई, आन् पंख्याला पाणी?" आईनं एका वाक्यात विषय संपवला. मी अण्णांकडं बघितलं. अण्णा म्हणाले, "कूलर पाणी पिऊन देतो काय, तर वारा. वारा कमी हाय का आपल्यात? वाशी-भूमच्या माळावर पवनचक्क्या बघ जाऊन." तरी मी रोज घाम पुसत त्यांच्यासमोर येरझाऱ्या घालत राहिलो, तेव्हा एक दिवस ते कंटाळून म्हणाले, "आण पैसे. मी बघतो." आठवडी बाजाराचा दिवस होता हे माझ्या लक्षात आलं नाही.

दुपारी अण्णा परतले ते काळीभोर, लांब कानांची शेळी घेऊन. मागं दोन करडं उड्या मारत.

"अण्णा, कूलर?"

"एकाच्या पैशात तीन आणल्यात," अण्णा म्हणाले. "कूलर मोडायला काढला तर निम्मे येत न्हाईत. हिला जुळी हुतात. कूलरला हुतील?" मग त्यांनी उस्मानाबादी शेळीचा महिमा सांगितला: कोरड्या रानात तग धरते, मिळेल ते खाते, दूध देते, लांबलांबचे लोक ही जात शोधत येतात. गावाचं नाव बदललं, पण शेळी अजून उस्मानाबादीच आहे. तिनं काही अर्ज केलेला नाही. बायकोला तिचा रंग आवडला. आईनं एकच विचारलं, "पीती किती?" तांब्याचा अंदाज ऐकून ती म्हणाली, "दूध देतीय, मग पिऊ द्या."

पण मीही या घरातलाच. मे महिन्यात कुणाला न सांगता दुकानात गेलो. निघताना आई म्हणाली, "मी पण येते." ओळखीचा दुकानदार एव्हाना तयार झाला होता. आईनं तोंड उघडायच्या आत त्यानं कूलरची बाजू काढून खालचं टब दाखवलं. "आजी, पासष्ट लिटर मावतं!" आईचा चेहरा असा उजळला की मला माझ्या बारावीच्या निकालाची आठवण झाली, कारण तेव्हा तो उजळला नव्हता. "आन् झाकण बी हाय," ती कौतुकानं म्हणाली. मी तिथंच सावध व्हायला हवं होतं.

पाणी आलं त्या दिवशी कूलर काठोकाठ भरला. मी बटणाकडं हात नेला, तर आईनं तो वरच्यावर धरला. "चालू केला की उडून जातंय ते. ठेवणीतलं हाय. हात लावायचा न्हाई." तांब्या बुडवायला सोपं जावं म्हणून तिनं एका बाजूची गवताची जाळी काढून भिंतीला टेकवून ठेवली. रात्रभर मी पासष्ट लिटर गार पाण्याशेजारी, वहीचा पुठ्ठा हलवत पडून होतो.

सकाळी कुरकुर आवाजानं जाग आली. शेळीनं जाळीतलं वाळ्याचं गवत संपवलं होतं आणि ती टबात मान घालून शांतपणे पाणी पीत होती. करडं वायर हुंगत होती. मी ओरडलो. आई धावत आली, आधी टबात डोकावली, पाच लिटर गेल्याचा अंदाज घेतला आणि मग शेळीला हाकललं. अण्णांनी मात्र घाई केली नाही. चरवी घेऊन परसात गेले, धारा काढल्या आणि फेसाळलेली चरवी माझ्यासमोर धरली.

"बघ," म्हणाले, "तुझा कूलर दूध द्यायलाय."

बायकोनं चहा टाकायला घेतला. लाइट गेलेलीच होती. आतून तिनं विचारलं, "अत्या, पाणी किती घालू?"

"घालू नको," आई म्हणाली. "नुसत्या दुधाचाच कर. पाणी परवा यायचंय."