तिथे बघायला काही नाही

ब्रिटनच्या नकाशात शेटलंडची बेटं वर्षानुवर्षं चौकटीत असायची. खऱ्या जागी दाखवायची तर कागद वरच्या अंगाला फार लांबवावा लागतो, आणि लांबवलेल्या कागदावर नुसतं पाणीच पाणी. मग नकाशावाले ही बेटं उचलून स्कॉटलंडच्या किनाऱ्यालगत एक चौकोन आखायचे आणि त्यात ठेवून द्यायचे. त्यामुळे कितीतरी ब्रिटिशांना शेटलंड म्हणजे ॲबर्डीनच्या जरा वर, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्यासारखं काहीतरी वाटतं. प्रत्यक्षात ॲबर्डीनहून संध्याकाळी सुटलेली बोट लर्विकला लागते ती दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला, आणि तिथून नॉर्वेतलं बर्गन जवळपास तेवढंच लांब आहे. बेटकऱ्यांनी ही चौकट पुष्कळ सोसली. शेवटी २०१८ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने बेटांसाठी कायदा केला, त्यात एक कलमच आलं: सरकारी कचेऱ्यांनी शेटलंड जिथल्या तिथे दाखवायचं, आणि दाखवणार नसाल तर का नाही ते सांगायचं. नकाशावाल्यांचं म्हणणं पडलं की मग नकाशात समुद्रच फार दिसतो. दिसणारच. आहेच तो तेवढा.

माझा भाचा ॲबर्डीनला तेलाच्या धंद्यात आहे. भर समुद्रातल्या विहिरींवर जाताना शेटलंडच्या सम्बरा विमानतळावर त्याचं बऱ्याचदा उतरणं होतं. मी तिकडे जायचं म्हटल्यावर तो म्हणाला, "मावशी, तिथे बघायला काही नाही गं. झाडसुद्धा नाही." खोदून विचारल्यावर कळलं की त्याने पाहिलेलं शेटलंड म्हणजे विमानतळाची काच आणि काचेपलीकडचं धुकं. त्याच्या बाजूने एवढं सांगायला हवं की झाडांचं त्याने सांगितलं ते खोटं नाही. वारा, समुद्राचा खारा फवारा आणि शेकडो वर्षं चरणाऱ्या मेंढ्या या तिघांनी मिळून बेटं भादरून ठेवली आहेत. मध्यभागी कर्गर्ड नावाच्या खोऱ्यात मुद्दाम लावून वाढवलेली थोडी झाडी आहे, तर ती बघायला लोक गाडी काढून जातात.

मी निघाले होते लोकरीपायी. विणणाऱ्या बाईला शेटलंड हे नाव लोकरीच्या गुंडीवरच्या पट्टीवर आधी भेटतं, भूगोलाच्या पुस्तकात नंतर.

लर्विकची वस्ती सात हजारांच्या आसपास. सगळ्या बेटांची मिळून तेवीस हजार, म्हणजे पुण्यातल्या एखाद्या उपनगराचा कोपरा. गाव मात्र गावासारखं आहे. सतराव्या शतकात हेरिंग मासा पकडायला डच होड्या उन्हाळ्यात इथल्या खाडीत येऊन थांबत. त्या खलाशांना दारू, ताजं मटण आणि हातविणीचे लोकरी मोजे विकायला किनाऱ्यावर खोपटी उभी राहिली, त्या खोपट्यांचं हे गाव झालं. तेव्हाची राजधानी स्कॅलोवे. तिथल्या अब्रूदार मंडळींना हा दारूबाजीचा आणि भानगडींचा अड्डा इतका खुपला की कोर्टाकडून खोपटी पाडायचे हुकूम निघाले. आज स्कॅलोवे शांत खेडं आहे आणि राजधानी लर्विक. मोज्यांवर उभं राहिलेलं गाव असं मी म्हटलं तर इतिहासकार दारूकडे बोट दाखवतील. दाखवोत.

मुख्य रस्ता कमर्शियल स्ट्रीट. फरशीचा, अरुंद, जुन्या किनाऱ्याच्या वळणाने गेलेला, त्यातून वर टेकडीकडे चढणाऱ्या बोळकंड्या. त्याच्या दक्षिण टोकाला जुन्या व्यापाऱ्यांची दगडी घरं थेट समुद्रात पाय सोडून उभी आहेत. त्यांना लॉडबेरी म्हणतात. होडी घराला लावायची आणि माल सरळ वर ओढून घ्यायचा, जकातवाल्याला उगाच त्रास नको. यातलं एक घर ॲन क्लीव्ह्जच्या कादंबऱ्यांवरच्या टीव्ही मालिकेत पोलीस अधिकाऱ्याचं म्हणून दाखवलं आहे. तिथे फोटोला रांग असते. त्या मालिकेत जेवढे खून पडतात तेवढे खरोखर पडले असते तर एव्हाना बेटांवर फक्त मेंढ्या उरल्या असत्या.

जरा वरच्या अंगाला गेलं की रस्त्यांची नावं किंग हॅराल्ड, सेंट ओलाफ, किंग हाकॉन अशी नॉर्वेकडची. कारण ही बेटं मुळात त्यांची. १४६८ मध्ये डेन्मार्क-नॉर्वेचा राजा पहिला क्रिस्टियन याने आपली मुलगी मार्गारेट स्कॉटलंडच्या तिसऱ्या जेम्सला द्यायचं ठरवलं. हुंडा ठरला साठ हजार फ्लोरिन. रोख देता येईना म्हणून पन्नास हजारांपोटी ऑर्कनी बेटं गहाण टाकली. उरलेल्या दहा हजारांतले दोनच जमले, तेव्हा १४६९ मध्ये आठ हजारांपोटी शेटलंडही गहाण पडलं. पुढे डेन्मार्कने सोडवून घ्यायचा पुन्हा पुन्हा प्रयत्न केला, आणि दर वेळी स्कॉटलंडला काहीतरी दुसरं काम निघालं. आपल्याकडे लेकीच्या लग्नात शेतं गेलेली घरं ठाऊक आहेत. इथे मालकीच पाच-साडेपाचशे वर्षं गहाणखतावर चालली आहे. जानेवारीच्या शेवटच्या मंगळवारी लर्विककर व्हायकिंग बनून मशाली घेऊन निघतात आणि महिनोन् महिने खपून बांधलेलं जहाज जाळून टाकतात. त्यात या गहाणाचा थोडा राग असावा असा आपला माझा अंदाज.

गावाच्या उत्तर टोकाला ग्रेमिस्टा इथे एक जुनं दगडी घर आहे. आत विणकामाचं संग्रहालय, म्हणून मी गेले. दारातच कळलं की १७९२ मध्ये आर्थर अँडरसन इथे जन्मला. हा पोरगा समोरच्या गोट्यांच्या किनाऱ्यावर मासे वाळवायचं काम करायचा. पुढे नौदलात गेला, मग लंडनला, आणि भागीदाराबरोबर त्याने जी बोट कंपनी काढली ती पी अँड ओ. मुंबईला विलायतेची डाक आणायची ती हीच. आपले बॅरिस्टर, आयसीएसवाले आणि पैसेवाल्यांचे चिरंजीव याच कंपनीच्या बोटींनी एडन-सुएझमार्गे गेले. १८८८ मध्ये मुंबईहून निघालेले गांधीजीसुद्धा. त्या सगळ्या समुद्रगमनाचा आणि परतल्यावरच्या प्रायश्चित्तांचा एक धागा या खारवलेल्या माशांपर्यंत येतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. अँडरसनने शेटलंडचं पहिलं वर्तमानपत्रही काढलं. त्याच्या नमुना अंकात जागा भरायला म्हणून त्याने आइसलंड, फॅरो आणि शेटलंड फिरवून आणणाऱ्या बोटीची जाहिरात टाकली, आणि तशी बोट अस्तित्वातच नव्हती, असं सांगतात. आता उन्हाळ्यात लर्विकला खऱ्याखुऱ्या सहलीच्या बोटी लागतात, आणि त्या दिवशी कमर्शियल स्ट्रीटवर चालायला जागा राहत नाही.

आत एक आजीबाई कमरेला पट्टा बांधून विणत बसल्या होत्या. रुंद चामडी पट्टा, त्यावर लंबगोल गादी, आत घोड्याचे केस ठासलेले, वरून भोकंच भोकं. उजवीकडच्या सुईचं मागचं टोक भोकात रोवायचं. सुईचं वजन पट्टा पेलतो, उजव्या हाताला सुई धरायचं काम उरत नाही, बोटं फक्त लोकर फेकतात. असं विणता विणता इथल्या बायका पाठीवर इंधनाच्या पीट मातीची टोपली घेऊन मैलोन् मैल चालायच्या. रिकाम्या हाताने चालणं म्हणजे आळस. बाईंच्या सुया इतक्या भरभर चालत होत्या की टाका दिसत नव्हता, तयार झालेली ओळच दिसत होती. एका ओळीत दोनच रंग, न लागणारा रंग मागून ओढत न्यायचा. म्हणून फेअर आयल नमुन्याचा स्वेटर मुळात दुहेरी, आणि म्हणून उबदार. इथवर माझं ठीक चाललं होतं. मग त्यांनी सांगितलं की अंग अख्खं गोल नळीसारखं विणायचं, आणि बाह्यांच्या जागी शेवटी कात्रीने सरळ कापायचं.

"कापायचं?" मी विचारलं.

"कापायचं. लोकर एकमेकीला धरून असते. उसवत नाही."

त्यांनी एक कापलेला तुकडा माझ्या हातात दिला. शेटलंडची लोकर किंचित चिवट असते, तंतू तंतूला बिलगतो. मी कडेचा धागा ओढून पाहिला, सुटला नाही. तरीसुद्धा दोन महिने विणलेल्या स्वेटरला कात्री लावणारी बाई वेगळ्याच धातूची असली पाहिजे. "भारतात लोकर कशाला लागते?" त्यांनी विचारलं. मी बाळंतविड्याची टोपडी आणि पायमोजे सांगितले. त्यांना ते चटकन पटलं. त्यांच्याकडेही बारशाची शाल असते, अंगठीतून आरपार जाईल इतकी तलम.

लर्विकहून दक्षिणेला बस जाते. शेटलंडमध्ये कुठेही उभं राहा, समुद्र पाच किलोमीटरच्या आत असतो, त्यामुळे कुठल्या खिडकीशी बसावं हा वाद नाही. रस्त्याकडेला कपाटं ठेवलेली दिसतात. आत अंडी, केक, मुरंबा आणि पैशांचा डबा. माणूस नाही. आपण पैसे टाकायचे, केक घ्यायचा. केक चांगला होता. खारवून, पीटच्या धुरावर टांगून वाळवलेल्या मटणाचं सूप मात्र मी एकदा प्यायले ते पुरे आहे. नंतर दिवसभर पाणी.

बेटाच्या टोकाला रस्ता थेट विमानतळाच्या धावपट्टीवरून आडवा जातो. विमान यायचं असलं की फाटक पडतं. आमची बस फाटकाशी उभी, ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, आणि समुद्रावरून धुकं आलं. विमान वर घिरट्या घालत होतं, आवाज येत होता, दिसत काही नव्हतं. बसमध्ये कुणी हूं की चूं केलं नाही. पुढच्या बाकावरच्या बाईने वीण काढली. मागे कुणाच्या तरी बैलाच्या पायाची सविस्तर चौकशी सुरू झाली. शेटलंडचं असंच आहे. महाबळेश्वरला जातो तसे पॉइंट ठरवून निघावं, तर वारा बोट अडवतो, धुकं विमान अडवतं, आणि अडकलेल्या वेळात जे दिसतं तेवढं आपलं. भाच्याची गोम इथेच आहे. तोही अडकायचा, पण मोबाइलमध्ये तोंड खुपसून.

फाटकापलीकडे यार्ल्सहॉफचे अवशेष. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वादळांनी किनारा खरवडला तेव्हा खालून भिंती निघाल्या. ब्राँझयुगापासून व्हायकिंग घरांपर्यंत आणि त्यावर सोळाव्या-सतराव्या शतकातला जमीनदाराचा वाडा, अशी चारेक हजार वर्षं एकावर एक. नाव भारदस्त आहे, पण ते सर वॉल्टर स्कॉटने 'द पायरेट' या कादंबरीसाठी मनाने ठेवलेलं. यार्ल म्हणजे सरदार, आणि असा कुणी सरदार तिथे राहत नव्हता.

पुढे कड्यावर १८२१ चं दीपगृह, रॉबर्ट स्टीव्हन्सनने बांधलेलं. कठड्याच्या पलीकडच्या गवतात बिळं, आणि बिळांच्या तोंडाशी पफिन. हात लांबवला तर लागेल इतके जवळ. नारिंगी पाय, चोचीवर पट्टे, चोचीत आडवे धरलेले चंदेरी मासे. पंख आखूड, त्यामुळे हवेत भरभर फडफडत येतो, उतरायची वेळ झाली की पाय फाकवतो आणि गवतात कोलमडतो. मग उठून इकडे तिकडे बघतो, आणि मासे न सांडता बिळात शिरतो. वर एक गल पक्षी तेच मासे हिसकायला टपलेला. माणसांकडे पफिनचं लक्ष नव्हतं.

मूसाला रात्री उशिरा जायचं होतं. एकदा धुक्याने बोट निघाली नाही, नंतर निघाली. जूनमध्ये इथे सूर्य साडेदहाच्या सुमारास मावळतो आणि पहाटे पावणेचारच्या आत पुन्हा हजर, मधल्या वेळाला संधिप्रकाश म्हणायचं. त्याला तिथे सिमर डिम म्हणतात. मूसा हे निर्मनुष्य बेट, त्यावर चुन्याचा कणही न वापरता रचलेला दगडी बुरूज, तेरा मीटर उंच, दोन हजार वर्षांहून जुना. दुहेरी भिंत आणि भिंतींच्या मधून जिना. घरच्यांचा विरोध झुगारून पळालेल्या दोन जोडप्यांनी वेगवेगळ्या काळात इथे आसरा घेतल्याचं जुन्या नॉर्स कथांत आहे. भिंतीतल्या फटींतून वादळी पाखरांची घरटी आहेत. चिमणीएवढं, पंचवीस ग्रॅमचं पाखरू, दिवसभर समुद्रावर आणि अंधारल्यावर घरी. दगडाला कान लावला तर आतून घरघर ऐकू येते, आणि मध्येच एक उचकी. पुन्हा घरघर. दगडाला त्या पाखरांचा तेलकट उग्र वास होता. पळून आलेल्या वधूंना तो कितपत मानवला असेल कोण जाणे.

जायचं असेल तर जूनमध्ये जा. ऑगस्ट लागला की पफिन समुद्रावर निघून जातात. बोटीत झोपायची खोली आधी धरा, कारण रात्री समुद्र कधी कधी चांगलाच उसळतो. परतीच्या तारखेनंतर एक-दोन दिवस हाताशी मोकळे ठेवा, विमान धुक्यात अडकतंच. आणि छत्री नेऊ नका. पाऊस तिथे आडवा येतो आणि वारा छत्री घेऊन जातो.