अर्ध्या ताऱ्याचा समुद्र

पुणं समुद्रसपाटीपासून ५६० मीटर उंचावर आहे. इथून समुद्र दिसत नाही, त्याचा वास येत नाही आणि मासे येतात ते बर्फात झोपून. तरी रोज सकाळी चहाला आधण ठेवलं की मी उत्तर गोव्यातल्या आश्वे किनाऱ्यावर आज लाटा किती, ते बघतो. ०.४ मीटर, ९ सेकंद, पश्चिम-वायव्य; वारा ईशान्येचा, हलका. एवढं कळलं की जीव भांड्यात पडतो. दूध मात्र भांड्यात राहत नाही.

"अहो, एवढं समुद्राचं कळतं, दुधाचा अंदाज नाही का येत त्यात?" बायको विचारते.

येत नाही.

हे वेड भाच्याचं. बंगळुरूच्या कंपनीचं काम तो मांद्र्याच्या एका भाड्याच्या खोलीतून करतो आणि काम नसेल तेव्हा, म्हणजे वारा बरा असेल तेव्हा, पाण्यात असतो. एका दिवाळीच्या सुट्टीत त्याने मलाही फोमच्या बोर्डावर पालथं घातलं. या वयात कुणीतरी आपणहून झोपायला सांगतंय, या आनंदात मी होतो. पुढे उभंही राहायचं असतं, हे त्याने पाण्यात गेल्यावर सांगितलं. माझ्या सर्फिंगबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही. अंदाजाबद्दल मात्र आहे, कारण लाटेवर माणूस काही सेकंद असतो आणि अंदाजात आठवडाभर.

अंदाजातला पहिला रकाना उंचीचा. ही सगळ्या लाटांची सरासरी नसते बरं का. सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटा घ्यायच्या आणि त्यांचीच सरासरी काढायची. उरलेल्या दोन-तृतीयांशांना कुणी विचारत नाही. हा हिशेब दुसऱ्या महायुद्धातला. होड्यांतून सैन्य किनाऱ्यावर उतरवायचं तर लाटा केवढ्या असतील हे आधी कळायला हवं, म्हणून हाराल्ड स्वेरड्रुप आणि वॉल्टर मंक या दोघांनी अंदाजाची रीत बसवली. १९४४ च्या जूनमध्ये नॉर्मंडीला सैन्य उतरलं तेव्हा ही रीत वापरात आलेली होती. होडी चालवणाऱ्याला "लाट केवढी होती?" असं विचारलं की तो जो आकडा सांगे तो मोठ्या लाटांच्या सरासरीशी जुळे, म्हणून तीच उंची प्रमाण धरली गेली. पाण्यातला माणूस लहान लाटा मोजत नाही, हे शास्त्राने लेखी मान्य केलं.

प्रत्यक्ष किनाऱ्यावर मीटरमध्ये कुणी बोलत नाही. घोट्याएवढी, गुडघ्याएवढी, कमरेएवढी, डोक्याएवढी, अशी मापं. आता कमरेएवढी म्हणजे कुणाच्या? भाचा सहा फूट. आणि माझी कंबर नक्की कुठे आहे, यावर माझे आणि शिंप्याचे मतभेद आहेत. हवाई बेटांवरचे जुने सर्फर तर लाट मागच्या बाजूने मोजतात, म्हणजे समोरून दिसते त्याच्या जवळजवळ निम्मी. डोक्यावरून गेलेल्या लाटेला "असेल तीन फूट" म्हणायचं आणि टॉवेलने शांतपणे कान पुसायचे, ही तिथली रीत. आपल्याकडे गळाला लागलेला बांगडा घरी पोचेपर्यंत सुरमई होतो.

पण खरा मुद्देमाल दुसऱ्या रकान्यात असतो. त्याला पिरियड म्हणतात: एका लाटेमागून दुसरी किती सेकंदांनी येते, तो आकडा. सहा-सात सेकंद असतील तर ते जवळच्याच वाऱ्याने ढवळलेलं पाणी, नुसती धक्काबुक्की. पंधरा-सोळा दिसले की समजावं, ही लांबची पाहुणी. ती येते थेट दक्षिणेच्या महासागरातून. चाळीस ते पन्नास दक्षिण अक्षांशांच्या पट्ट्यात वाऱ्याला अडवायला जमीनच जवळपास नाही. तिथल्या वादळात ती जन्मते आणि सात हजार किलोमीटर चालून एप्रिल-मेच्या एखाद्या निवांत दिवशी गोव्याला लागते. सोळा सेकंदांची ही लाटांची टोळी खोल पाण्यातून ताशी ४५ किलोमीटरने सरकते, कोकण रेल्वेच्या पॅसेंजरसारखी. फक्त ही क्रॉसिंगला थांबत नाही. साडेसहा दिवसांचा प्रवास. त्यातही लांब पिरियडवाल्या चपळ आणि आखूडवाल्या रेंगाळणाऱ्या, म्हणून आधी अठरा सेकंदवाल्या पोचतात, मग सोळा, मग चौदा. कोण कुणामागून किती उशिरा आलं, यावरून वादळ किती लांब झालं होतं ते उलटं काढता येतं. मंकसाहेबांनी ते काढलं, तेव्हा कॅलिफोर्नियाजवळ पोचणाऱ्या काही लाटांचं माहेर चक्क हिंदी महासागरात निघालं. १९६३ मध्ये त्यांनी न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत ठिकठिकाणी यंत्रं बसवून लाटांचा सबंध प्रवास मोजला. मोजणीसाठी स्वतः सहकुटुंब सामोआच्या बेटावर जाऊन राहिले. संशोधनाला आधी बेट निवडावं आणि मग विषय, असं मला तरी यातून दिसतं.

वाऱ्याचा रकाना शाळेपासून ओळखीचा. खारे वारे आणि मतलई वारे, फरक स्पष्ट करा, दोन गुण. ते दोन गुण खिशात टाकून मी मतलई वाऱ्यांना कायमचा निरोप दिला होता. ते आश्व्याला पुन्हा भेटले. रात्री जमीन लवकर निवते आणि पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. येणाऱ्या लाटेला तो समोरून थोपवून धरतो, त्यामुळे ती झटकन कोसळत नाही, उभी राहते, तोंड गुळगुळीत. नऊ-दहा वाजले की वारा कूस बदलतो आणि दुपारी खारा वारा सगळं पाणी विस्कटून टाकतो. म्हणून सर्फर पहाटे उठतात. गोव्यात पहाटे साडेपाचला जागी असणारी पर्यटक मंडळी दोनच जातींची: हे सर्फर, आणि रात्री जे झोपलेच नाहीत ते. किनाऱ्याच्या वाटेवर दोघं एकमेकांना गुड मॉर्निंग म्हणतात. त्यातल्या एकालाच ती मॉर्निंग असल्याची खात्री असते.

भरतीच्या रकान्यात मात्र मी कुणाचं ऐकत नाही.

"मामा, हाय टाइड किती वाजता आहे, बघ ना जरा. माझा फोन चार्जिंगला आहे."

"आज चतुर्थी. चार पाऊण तीन. तीन वाजता."

"म्हणजे?"

म्हणजे तिथीची पाऊणपट. कोकणात ज्याचं आजोळ आहे त्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. पाऊणकीचा पाढा येत असला की झालं. भाच्याने फोन चार्जिंगवरून काढून पाहिलं. दोन वाजून वीस मिनिटं. हा हिशेब मुंबईकडचा, दक्षिणेला भरती थोडी आधी लागते, हे मी त्याला लगेच सांगितलं. आणि मुंबईला उधाणाचं पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं, तर गोव्यात जेमतेम दोन, हेही. पाऊणकी नावाचा पाढा खरंच असतो, यावर त्याचा अजून विश्वास नाही.

तर उंची जुळली, पिरियड जुळला, मतलई वारा सुटला, भरती अर्ध्यावर आली. आता लाट फुटायला हवी. फुटत नाही. किंवा एकदम सगळीच्या सगळी फुटते, या टोकापासून त्या टोकापर्यंत धाडकन, कुणाला चढायला जागा न ठेवता. कारण लाट केव्हा फुटते, तर खालच्या पाण्याची खोली तिच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की. तळाला खडक किंवा प्रवाळ असलं तर ती जागा वर्षानुवर्षं तीच. आश्व्याला तळाला नुसती वाळू. पावसाळ्यात समुद्र किनाऱ्यावरची वाळू ओरबाडून आत नेतो, तिचे पट्टे घालतो आणि पाऊस सरला की सावकाश परत आणून टाकतो. काल चालत गेलो तर कमरेएवढ्या पाण्याची घळ आणि तिच्यापलीकडे गुडघ्याएवढ्या पाण्यातला वाळूचा पट्टा, असं अगदी पायाने चाचपून ठेवलेलं असतं. आज घळ दहा पावलं डावीकडे गेलेली असते आणि पट्टा कुठे गेला ते पट्ट्यालाच ठाऊक. जगभरच्या लाटांचं गणित करणारी कित्येक मॉडेलं समुद्राचे पंचवीस-तीस किलोमीटरचे चौकोन पाडतात. एका चौकोनात मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल सगळे मावतात आणि तेरेखोलही आत डोकावतं. त्यामुळे अंदाज सात हजार किलोमीटर बिनचूक येतो आणि शेवटच्या पन्नास मीटरांत गळपटतो.

हा अंदाज करतं कोण? अमेरिकेत करतात, युरोपात करतात, आणि आपल्याकडे इन्कॉइस ही संस्था करते. ती १९९९ पासून हैदराबादेत आहे. हैदराबादला हुसेनसागर सोडला तर पाण्याशी काय देणंघेणं, असं भाच्याला वाटतं. मला पुणेकर म्हणून यात काही वावगं दिसत नाही. आमच्या शिवाजीनगरात हवामान खात्याच्या दगडी इमारतीला सिमला ऑफिस म्हणतात आणि देशभरच्या पावसाळ्याचं भाकीत वर्षानुवर्षं तिथून होत आलंय. सिमला ऑफिस पुण्यात चालतं, तर अरबी समुद्राचं हैदराबादेत का चालू नये?

सगळ्या रकान्यांच्या शेवटी तारे असतात, जास्तीत जास्त पाच. गोव्याला डिसेंबरात बहुतेक दिवस अर्धा तारा मिळतो. त्याच आठवड्यात त्याच किनाऱ्यावर खोलीचं भाडं पंचतारांकित असतं. जून ते सप्टेंबर तारे भराभर वाढतात, तेव्हा लाल बावटे लागलेले असतात, समुद्र खवळलेला असतो आणि जीवरक्षक शिट्ट्या फुंकून बेजार होतात.

भाच्याला शिकवणारा मुलगा मांद्र्याचाच. त्याचे वडील अजून रापण ओढायला जातात. उन्हाने केस तांबूस झालेत आणि फोनची काच अशी तडकलीय की तीत अंदाज वाचायचा तर आधी अंदाज करावा लागेल. तो सकाळी पडवीत येतो आणि माडाकडे बघतो. झावळ्यांची टोकं समुद्राकडे वळली असली तर बोर्ड उचलतो, नसली तर पेजेची थाळी. मी एकदा त्याला पुढच्या आठवड्याचा सबंध तक्ता वाचून दाखवला, दिशांच्या अंशांसकट. त्याने मान हलवत सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, फाल्यां पळोवया."

उद्याचं उद्या बघू, हा अंदाज आजवर चुकलेला नाही.

आता माझ्या चुलतभावाच्या मुलीच्या लग्नाबद्दल. मे महिना, गोव्याचा किनारा, पौर्णिमा. मांडव वाळूवर. बांबूला पांढरे झिरझिरीत पडदे, खुर्च्यांना गुलाबी फिती, वधूवरांसाठी समुद्राकडे तोंड केलेलं व्यासपीठ. सोमवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे तक्ता उघडला तर शुक्रवारच्या रकान्यात १७ सेकंद. उंची जेमतेम सव्वा मीटर, वारा नाही, आभाळ स्वच्छ. पण १७! मी लगेच फोन लावला.

"दादा, मांडव मागे घे. निदान तीस पावलं."

"पाऊस आहे का?"

"नाही."

"वादळ?"

"आहे, पण सात हजार किलोमीटरवर. आणि ते शनिवारीच होऊन गेलंय."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग दादा वहिनीला म्हणाला ते मला ऐकू आलं: "काही नाही, याचं ते समुद्राचं."

केरळात या प्रकाराला कल्लकडल म्हणतात. वारा नाही, पाऊस नाही आणि समुद्र चोरपावलांनी घरात. हैदराबादहून बुधवारी रीतसर इशाराही निघाला. मी तो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. त्यावर अकरा जणांनी हात जोडले आणि एका आत्याने शुभ सकाळ म्हटलं. समारंभ करून देणाऱ्या कंपनीच्या माणसाने तर मला बाजूला घेऊन आपला फोन दाखवला. त्यात हसरा सूर्य होता.

मुहूर्त दहा वाजून बावन्न मिनिटांचा. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधरा पाऊण सव्वाअकरा, त्यातून गोव्याची सूट वजा केली की दहा-बावन्नच्या आसपास पूर्ण भरती, तीही उधाणाची. गुरुजींनी मुहूर्त ज्या पंचांगातून काढला त्याच पानावर तिथी छापलेली होती. पाऊणकी कुणी म्हटली नाही, एवढंच.

पहिलं पाणी पहिल्या ओळीच्या चपलांपर्यंत आलं. लोकांना गंमत वाटली, फोटो निघाले. दुसऱ्या पाण्याने चपला नेल्या. मंगलाष्टकात आपण सगळ्या नद्यांना नावं घेऊन बोलावतो. त्यात समुद्रालाही बोलावणं असतं, तो खरंच आला. गुरुजींनी धोतर वर खोचलं आणि पुढचं कडवं दुप्पट लयीत घेतलं. अंतरपाट धरणाऱ्या दोघांनी तो उंच, अजून उंच धरला. नवरानवरींनी त्याखालून वाकून एकमेकांना मुहूर्ताआधीच पाहून घेतलं. करवली अक्षतांचं ताट डोक्यावर धरून खुर्चीवर उभी. बरोबर सतरा सेकंदांनी पुढचं पाणी. मी घड्याळ लावून बघत होतो आणि शेजारच्या व्याह्यांना आधी सांगत होतो, "आता पाय वर घ्या." त्यांनी प्रत्येक वेळी घेतले. त्या सबंध मांडवात माझ्यावर विश्वास ठेवणारा तो एकच माणूस निघाला, आणि तोही मुलाकडचा.

तेवढ्यात भाचा आला. मुहूर्ताची वेळ टळू नये म्हणून तो पाण्यातून थेट मांडवात शिरला होता, बोर्ड काखेत. वऱ्हाडात आधीपासून ओला असलेला तेवढाच. चेहरा उजळलेला. "मामा, कमरेएवढी! आणि पट्टा नेमका बसलाय!"

जेवणानंतर दादा त्या कंपनीच्या माणसाला धरून बसला. खुर्च्या गेल्या, पडदे गेले, एकवीस जणांच्या चपला गेल्या, याचं काय ते बोला. माणूस जराही गडबडला नाही. त्याने करारपत्र काढलं, पान उलटलं आणि बोट ठेवलं. खर्चाच्या यादीत तिसऱ्याच ओळीला ठळक अक्षरात छापलं होतं: 'सी-टच मंडप', आणि समोर त्याचे जादा पैसे.